हायब्रिड एसएसीडी की ४५ फेऱ्यांची दुहेरी रेकॉर्ड?

जुन्या रॉक अल्बमची महागडी नवी आवृत्ती घेताना माझी निवड नेहमी या दोहोंत अडते: एसएसीडी, म्हणजे सीडीहून उच्च दर्जाचा आवाज साठवणारी 'सुपर ऑडिओ सीडी', की दोन तबकड्यांवर विभागलेली रेकॉर्ड. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डमध्ये सुईखालून दर सेकंदाला नेहमीच्या ३३ फेऱ्यांच्या रेकॉर्डपेक्षा अधिक लांबीची खाच सरकते. त्यामुळे झांजेचा बारीक नाद मोकळा ऐकू येतो आणि बाजू संपत आली तरी आवाज तितका फाटत नाही. मात्र एका बाजूवर साधारण १०-१२ मिनिटेच मावतात, आणि गाण्यात गाणे मिसळलेल्या अल्बमचा ओघ मध्येच तुटतो, हे मला फार खटकते. शिवाय इंदूरचा उन्हाळा! गेल्या मे महिन्यात रामबागेतल्या आमच्या घरी पश्चिमेच्या खिडकीशी राहिलेली रेकॉर्ड इतकी वाकली, की प्रत्येक फेऱ्याला सुई होडीसारखी वरखाली होऊ लागली.

१९९९ मध्ये बाजारात आलेल्या एसएसीडीला अशी झळ सहसा लागत नाही. हायब्रिड, म्हणजे सीडी आणि एसएसीडी असे दोन्ही थर असलेल्या, तबकडीतला सीडीचा थर साध्या प्लेअरवरही वाजतो. उच्च दर्जाच्या थरासाठी मात्र एसएसीडी वाचणारा प्लेअरच हवा. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची २००३ची एसएसीडी मी उदाहरणादाखल सुचवेन, कारण तिच्यात ध्वनी-अभियंता जेम्स गथ्री यांनी केलेले ५.१ मिश्रण (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा स्पीकर यांसाठीचे) आहे आणि पाच स्पीकर असलेल्या घरात 'टाइम' गाण्यातला घड्याळांचा गजर चहूबाजूंनी उठतो. सलग ऐकण्याच्या अल्बमसाठी मी एसएसीडीच घेतो. सुट्या गाण्यांच्या अल्बमसाठी, मूळ टेपवरून मास्टरिंग (रेकॉर्ड छापण्याआधीची आवाजाची अंतिम तयारी) झाल्याची खात्री असेल तर, ४५ची रेकॉर्ड.