ईव्ही की हायब्रिड: चौदा महिन्यांच्या वापरानंतर किलोमीटरमागचा हिशेब

गाड्या दोन: टाटा नेक्सॉन ईव्ही (४५ युनिटची बॅटरी) आणि टोयोटा हायरायडर स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि छोटी बॅटरी दोन्हींवर चालणारी). पुण्यात प्रत्येकी महिन्याला साधारण हजार किलोमीटर. ईव्ही किती स्वस्त पडणार हे शोरूममध्ये कळत नाही, ते पार्किंगमधल्या मीटरवर कळतं.

हायब्रिडचा हिशेब सरळ आहे. शहरात २४-२५, एक्स्प्रेसवेवर १०० च्या वेगाने १९-२०, म्हणजे सरासरी २२ चं मायलेज. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर किलोमीटरला ४ रुपये ७० पैसे.

ईव्हीला शंभर किलोमीटरला बॅटरीतून १५ युनिट लागतात, पण चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर १७ पडतात. महिन्याचे झाले १७०. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. घरचा वापर आधीच २०० युनिट असेल, तर पहिले १०० युनिट १०१-३०० च्या स्लॅबमध्ये बसतात आणि उरलेले ७० तीनशेच्या वर जातात. वहन आकार (वीज पोहोचवण्याचा खर्च) आणि वीज शुल्क धरून पहिल्यांना साधारण १३, पुढच्यांना १७-१८ रुपये लागतात. म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये. गाडीसाठी वेगळा मीटर घेतला की ईव्ही चार्जिंगचा दर लागतो, स्लॅब चढत नाही, आणि स्थिर आकार धरूनही खर्च दोन रुपयांच्या आत राहतो. वेगळ्या मीटरसाठी धावपळ करावी लागते, पण ती कराच. सगळं चार्जिंग बाहेरच्या फास्ट चार्जरवर, जीएसटीसह २४ रुपये युनिटने केलं, तर किलोमीटरला पावणेचार रुपये पडतात. मग हायब्रिडशी फरक उरतो जेमतेम एक रुपयाचा, आणि वर रांगेतला वेळ.

आता पार्किंगमधल्या पॉइंटबद्दल, कारण सगळ्यात जास्त बिघाड तिथेच होतो. गीझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी रात्रभर त्याच १५ अँपिअरच्या सॉकेटवर असते. आत अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि सैल स्क्रू असेल तर पिनभोवतीचं प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी पडतं. चार्जिंग लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर चार्जिंग तिथेच थांबवा. मीटरपासून थेट ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि इंडस्ट्रियल सॉकेट हवं. ७.२ किलोवॅटच्या वॉलबॉक्सला (भिंतीवरच्या चार्जरला) ६ चौरस मिलिमीटरची केबल, ४० अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहावर पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग लागतं. मंजूर भार वाढवण्याचा अर्ज त्याआधी. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की चार्जर लाल दिवा दाखवून सुरूच होत नाही. दोष गाडीचा नसतो. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज बघा. तीन-चारच्या वर दिसला तर खड्ड्यात पाणी ओता आणि जोडण्या घासून घट्ट करा.

खरेदीत ईव्हीचं पारडं जड आहे. जीएसटी ५ टक्के, या आकाराच्या हायब्रिडवर ४०. महाराष्ट्रात ईव्हीला रोड टॅक्स माफ. १६ लाखांच्या पेट्रोल हायब्रिडला १२ टक्क्यांनी १ लाख ९२ हजार. थर्ड पार्टी विम्यात ईव्हीला १५ टक्के सवलत, हायब्रिडला साडेसात. मात्र विमा घेताना बॅटरीचं कव्हर वेगळं बघा. उंच गतिरोधकावर खालची बॅटरीची पेटी घासली तर नुसत्या ‘झीरो डेप’वर (घसारा न कापणाऱ्या विम्यावर) विसंबून भागत नाही.

सर्व्हिसमध्ये हायब्रिडला ऑइल आणि फिल्टर चुकत नाहीत, पण क्लच, स्टार्टर, अल्टरनेटर तिच्यातही नाहीत. बारा व्होल्टची साधी बॅटरी दोन्हींत आहे. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. तीन-चार वर्षांनी ती बदलायचीच, हे धरून चाला. हायब्रिडच्या मागच्या भागातल्या हवेच्या जाळीसमोर बॅग ठेवू नका. बॅटरीला थंड हवा तिथूनच मिळते.

घाटात दोघींचा स्वभाव कळतो. खोपोलीहून खंडाळा चढताना ईव्ही अडीच-तीन युनिट जादा खाते आणि उतरताना त्यातला बराचसा भाग परत भरते. हायब्रिडची बॅटरी एका युनिटपेक्षाही लहान, ती अर्ध्या उतारातच भरते. मग इंजिन मोठ्याने घरघरू लागतं. तो बिघाड नाही, इंजिन ब्रेकचं काम करत असतं.

घेणाऱ्यांनी बुकिंगआधी मीटर रूमपासून आपल्या पार्किंगपर्यंत टेप लावून अंतर मोजावं. वीस मीटरच्या आत असेल तर ६ ची केबल पुरते. चाळीसच्या पुढे गेलं की १० ची लागते, आणि तेव्हा केबल, पाइप आणि मजुरी धरूनच दोन्ही गाड्यांच्या किमती शेजारीशेजारी मांडा.