वासोटा का कमळगड, मुक्कामाला कुठं जायचं?
साताऱ्यात मुक्कामी ट्रेक म्हटलं की सगळे वासोटाच म्हणतात, पण गड कोयना अभयारण्यात येतो त्यामुळं वर तंबू ठोकायचा विषयच नाही, वनखात्याची परवानगी काढा, बामणोलीतनं बोटीनं शिवसागर ओलांडा न संध्याकाळच्या आत परत या, मुक्काम काय तो बामणोलीच्या काठावर. बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं, दोघंच असाल तर खिशाला चाट. जंगल मात्र एक नंबर, बाबूकडा बघून पाय लटपटतात. पावसाळ्यात बंद.

कमळगडाला ही भानगड नाही. वाईतनं धोम धरणाच्या कडेनं पायथा गाठायचा, गोरखनाथाच्या मंदिरापाशी पथारी टाकायची, सकाळी वर जाऊन गेरूच्या लालभडक विहिरीत पायऱ्या उतरायच्या. थंडीत वारं लय झोंबतं, स्लीपिंग बॅग घ्याच. रात्र डोंगरातच काढायची असेल तर मी कमळगडच म्हणेन.