मातीची जुनी वास्तू जपायची आहे. काम कोणाकडे द्याल?

दगडी इमारतीची डागडुजी एकदा नीट केली की बरीच वर्षं बघावं लागत नाही. मातीचं तसं नाही. पावसात गिलावा धुपतोच. त्यामुळे तज्ज्ञ संस्थेला ठेका द्यायचा की तिथल्या लोकांवर सोपवायचं, हे ठरवताना मी आधी एकच विचारेन: तिसऱ्या वर्षी लिंपायला कोण येणार?

लोकांच्या बाजूनं पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या जेन्ने शहराची मातीची मोठी मशीद बघा. आजची इमारत १९०७ची. भिंतींतून बाहेर डोकावणारे लाकडी ओंडके शोभेचे वाटतात, पण लिंपणाच्या दिवशी तेच शिडीच्या पायऱ्या होतात. भाताचं तूस घातलेला चिखल आधीच भिजत घालून तुडवलेला असतो. पोरं टोपल्या धावत आणतात, वर गवंडी हातानंच तो थापतात. भिंत कुठे ओल धरते हे त्यांना बापाकडून कळलेलं असतं. इतक्या जवळून बघणारा ठेकेदार मिळणार नाही.

पण थरावर थर चढला की भिंतीवरचा भारही वाढतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. २००९ साली मुसळधार पावसात याच मशिदीच्या एका मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला. तडे, पाया, भूकंप ही कामं तज्ज्ञांचीच. इराणमधल्या बामच्या किल्ल्यातली वस्ती केव्हाच उठून गेली होती. २००३च्या भूकंपात तो ढासळला, तेव्हा अशा ठिकाणी ‘गावकरी बघतील’ म्हणायची सोयच नव्हती. उलट, लोकांना विश्वासात न घेता तज्ज्ञ आले तर काय होतं तेही जेन्नेतच दिसलं: २००६ मध्ये छताची पाहणी चालू असताना शहरात दंगल उसळली.

तिसरा पर्याय कोणीतरी सुचवतोच: सिमेंट फासून मोकळे व्हा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या रांचोस दे ताओसच्या चर्चवर १९६७ मध्ये सिमेंटचा गिलावा चढवला. मातीची भिंत ओल घेते तशी बाहेर सोडतेही. सिमेंटनं ती आत कोंडली आणि कच्च्या विटा भुसभुशीत झाल्या. १९७९ मध्ये सगळं खरवडून काढावं लागलं. तेव्हापासून तिथली मंडळी दर वर्षी पुन्हा मातीनंच लिंपतात.

माझं मत: वस्ती शाबूत असेल तर लिंपण लोकांचं, सांगाडा तज्ज्ञांचा. ठेका द्यावाच लागला तर स्थानिक गवंडी आणि दोन-तीन शिकाऊ पोरं कामावर घेण्याची अट कागदावर घाला. आणि श्रमदानाच्या भरवशावर राहू नका. टोपल्या उचलायला शंभर माणसं येतील. मिश्रण जमलंय की नाही हे बोटांनी ओळखणारा म्हातारा गवंडी मात्र एखादाच असतो. त्याची मजुरी अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा.