वॉलब्रुकच्या तळघरातला ‘मित्र’: लंडन मिथ्रियम

सूर्यनमस्कार घालताना ‘ॐ मित्राय नमः’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला लंडनमध्ये आवर्जून पाहण्याजोगी एक जागा आहे. वॉलब्रुक या रस्त्यावर, ब्लूमबर्ग कंपनीच्या युरोपीय मुख्यालयाखाली, सुमारे सात मीटर खोल, इसवी सन 240च्या सुमारास बांधलेले मिथ्रास या रोमन देवाचे देऊळ, म्हणजेच मिथ्रियम, जपले आहे. वैदिक मित्र, इराणी मिथ्र आणि रोमन मिथ्रास या नावांचे मूळ एकच. मात्र रोमनांचा पंथ इराणातून कितपत आला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. प्रवेश विनामूल्य आहे, परंतु वेळ आधी नोंदवून गेलेले बरे.

तळमजल्यावरच्या काचेच्या भिंतीत उत्खननात सापडलेल्या सहाशेच्या आसपास वस्तू मांडल्या आहेत. याच जागी चारशेहून अधिक लाकडी लेखनपाट्या मिळाल्या. त्यांपैकी 8 जानेवारी 57 या तारखेच्या पाटीवर टिबुलस नावाच्या मुक्त गुलामाने, घेतलेल्या मालापोटी आपण 105 दिनार देणे लागतो, अशी कबुली लिहून दिली आहे. आर्थिक बातम्यांवर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या पायाशी उधारीचा कागद निघावा, हा योगायोग मला देवळाइतकाच आवडला.

खाली गाभाऱ्यात आधी काळोख असतो. मग धुके आणि प्रकाश यांतून न उरलेल्या भिंती व खांब उभे केले जातात, पावलांचे आवाज येतात आणि लॅटिन मंत्रघोष सुरू होतो. दोन्ही बाजूंच्या बाकांवर मेजवानीसाठी रेलून बसणारे सैनिक आणि व्यापारी, ‘कावळ्या’पासून ‘पित्या’पर्यंतच्या दीक्षेच्या सात पायऱ्या, स्त्रियांना मज्जाव, हे सारे आपण त्या अंधारात उभे असताना अधिक पटते, कारण हा पंथच मुळात बंद दाराआडचा होता. त्याचा एकही धर्मग्रंथ उरलेला नाही, म्हणून दिसते-ऐकू येते त्यात तर्काचा वाटा मोठा आहे. प्रयोग मात्र कुठेही भडक होत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. 18 सप्टेंबर 1954 रोजी पुरातत्त्वज्ञ डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांच्या उत्खननात देवाचे संगमरवरी शिर सापडले, तेव्हा ते पाहायला लाखो लंडनकर रांगा लावून आले होते. ते शिर येथे नाही, लंडन म्युझियमच्या संग्रहात आहे. बैलाच्या मानेत सुरा खुपसणारा मिथ्रास, रक्ताकडे झेपावणारे कुत्रा व साप, खाली विंचू, असे मूळ शिल्पही तिकडेच. देव दुसरीकडे आणि देऊळ इथे, ही विभागणी खटकते.

बांधकामाविषयी मात्र कौतुकच करावे लागेल. पहिल्या खेपेला अवशेष हलवून 1962 साली क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर उघड्यावर रचले गेले, तेव्हा त्यांत आधुनिक सिमेंट आणि भलतीच फरसबंदी घुसली होती. 2017च्या मांडणीत ती चूक दुरुस्त करून देऊळ मूळ जागेच्या अगदी जवळ आणि मूळ खोलीवर आणले आहे. खाली उतरायला लिफ्ट आहे. अंधाराला घाबरणारे लहान मूल सोबत असेल, तर त्याला आधी कल्पना द्यावी.