सक्रिय जाळीचे आठ महिने : वातविवरातील प्रक्षुब्धतेचा अनुभव

वातविवरात, म्हणजे पंख्याने हवा वाहवून प्रयोग करण्याच्या बोगद्यात, प्रक्षुब्ध (भोवऱ्यांनी भरलेला, अनियमित) प्रवाह निर्माण करणे अवघड नाही. आज मिळालेली प्रक्षुब्धता दोन महिन्यांनी तशीच पुन्हा मिळवणे अवघड आहे. आमच्या प्रयोगशाळेतील सक्रिय जाळीकडे, म्हणजे फिरत्या पात्यांनी हवा ढवळणाऱ्या जाळीकडे, मी गेले आठ महिने याच दृष्टीने पाहत आलो आहे.

त्याआधी आम्ही साधी स्थिर जाळी वापरत असू. तिच्या १ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या ५ सेंटिमीटर अंतराने बसवलेल्या होत्या, म्हणजे प्रवाहाच्या छेदाचा ३६ टक्के भाग झाकलेला होता. हे प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे नेले की छिद्रांतून निघणारे झोत एकमेकांत मिसळून प्रवाह असमान होऊ लागतो, म्हणून जाळी आणखी दाट करून काही साधत नाही. जाळीमागे ४० घरांच्या (पट्ट्यांमधील अंतराच्या ४० पट) अंतरावर वेगातील चढउतार सरासरी वेगाच्या जेमतेम २-३ टक्के उरत आणि टेलर लांबीवर (भोवऱ्यांच्या एका मधल्या आकारमानावर) आधारलेला रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रक्षुब्धता किती तीव्र हे सांगणारा अंक, शंभराच्या आतच राही. एवढ्या कमी अंकाला मोठे आणि छोटे भोवरे आकाराने पुरेसे वेगळे होत नाहीत, त्यामुळे गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांच्या १९४१ मधील सिद्धान्तातून येणारा उणे पाच-तृतीयांश घाताचा उतार वर्णपटात (कोणत्या आकाराच्या भोवऱ्यांत किती ऊर्जा आहे, याच्या आलेखात) नीट दिसतच नसे.

नवी जाळी संशोधक माकिता यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेच्या धर्तीवर बनवलेली आहे. १० सेंटिमीटर अंतराने आडव्या सात आणि उभ्या सात दांड्या, त्यांवर पातळ पाती, आणि प्रत्येक दांडीला स्वतंत्र स्टेपर मोटर (आज्ञेनुसार छोट्या टप्प्यांनी फिरणारी). सेकंदाला १० मीटर वेगाच्या हवेत, जाळीमागे ३ मीटरवर, चढउतार १२ टक्क्यांच्या आसपास आणि रेनॉल्ड्स अंक ४०० च्या घरात मिळाला. वर्णपटातील तो सरळ उतार पहिल्यांदा पडद्यावर उमटला तेव्हा मी बराच वेळ त्याच्यासमोरून उठलो नाही.

मात्र जाळी काय देते हे मोटारी कशा फिरवता यावर ठरते. सुरुवातीला आम्ही सर्व दांड्या एकाच वेगाने फिरवल्या, तर परिभ्रमणाच्या दुप्पट वारंवारतेला वर्णपटात टोकदार सुळका आला. पाती अर्ध्या फेरीत एकदा प्रवाहाला आडवी येते, त्याचाच तो ठसा. दिशा, वेग आणि तो वेग टिकवण्याचा कालावधी, हे तिन्ही प्रत्येक दांडीसाठी यदृच्छया बदलत ठेवल्यावर सुळका नाहीसा झाला. यदृच्छ क्रमाचा बीजांक (ज्या आकड्यापासून संगणक तो क्रम तयार करतो तो) मात्र दर वेळी नोंदवून ठेवावा, अन्यथा तोच क्रम पुन्हा चालवता येत नाही.

चौथ्या महिन्यात मोजमापे बिघडली. उजव्या बाजूचा सरासरी वेग डावीपेक्षा सातत्याने जास्त येऊ लागला आणि आम्ही आठवडाभर पंख्यात, प्रवाह सरळ करणाऱ्या मधपोळ्यात, हॉट-वायरच्या (हवेचा वेग मोजणाऱ्या तापलेल्या बारीक तारेच्या) कॅलिब्रेशनमध्ये दोष शोधत राहिलो. शेवटी हवा बंद करून एकेक दांडी हाताने फिरवली, तेव्हा एक दांडी मोटर स्थिर असतानाही फिरली. मोटर आणि दांडी जोडणाऱ्या कपलिंगचा बारीक स्क्रू सैल झाला होता आणि शाफ्टवर त्याच्या घसरण्याची चकचकीत गोल रेघ उमटली होती. मोटर आज्ञा पाळत होती आणि संगणकावर सारे ठीक दिसत होते, कारण पात्यांची खरी स्थिती कळवणारा संवेदक आमच्या दांड्यांवर नाही. नवी जाळी बांधणाऱ्यांनी तो सुरुवातीलाच बसवावा, असे मी आग्रहाने सांगेन. आता दर सोमवारी प्रत्येक स्क्रू तपासला जातो.

हॉट-वायरचीही शिस्त वाढवावी लागली. बंद चक्राच्या वातविवरात हवा तासाभरात तापते आणि ५ मायक्रॉन व्यासाच्या टंगस्टन तारेचे वाचन त्यासोबत सरकते, म्हणून मोजणीच्या आधी आणि नंतर, असे दोनदा कॅलिब्रेशन करतो. जाळीच्या अगदी जवळची वाचने आम्ही वापरत नाही. तिथे हवा क्षणभर उलटही वाहते आणि तारेला दिशा कळत नाही.

एक उणीव मात्र अजून कायम आहे. प्रवाहाच्या दिशेतील चढउतार आडव्या दिशेपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त राहतात. स्थिर जाळीतही हा दोष असतो, तुलनेने कमी, आणि कॉम्ट-बेलो आणि कॉर्सिन यांनी १९६६ मध्ये दाखवल्याप्रमाणे जाळीमागे विवर थोडे अरुंद केले की तो बराच कमी होतो. आमच्या विवरात तसा भाग बसवायला जागा नाही, त्यामुळे दिशानिरपेक्षता (सर्व दिशांना चढउतार सारखे असणे) महत्त्वाची असलेल्या प्रयोगांना मी आजही जुनी स्थिर जाळीच चढवतो आणि कमी रेनॉल्ड्स अंक मान्य करतो.