दोन काठ्या आणि पाण्याची नळी: हायड्रोमार्कर घ्यावा का?

समपातळी रेषा म्हणजे जमिनीवरच्या सारख्या उंचीच्या बिंदूंना जोडणारी रेषा; पावसाचं पाणी अडवणारे चर तिच्यावरच खोदतात. ती आखायला डम्पी लेव्हल (तिपाईवरची दुर्बीण), ए-फ्रेम (ओळंबा टांगलेली A आकाराची चौकट) आणि हायड्रोमार्कर (पाण्याच्या नळीने जोडलेल्या दोन काठ्या) अशी तीन साधनं नेहमी वापरात असतात. अचूकतेत डम्पी सगळ्यांच्या पुढे, यात वाद नाही. तरीही खासगी जमिनीवर, मालकाला सोबत घेऊन पाणलोटाचं काम करायचं असेल तर हायड्रोमार्करच घ्यावा, कारण त्याचं रीडिंग मालक स्वतः वाचू शकतो. डम्पीच्या दुर्बिणीतून एकच माणूस बघतो, आकडा वहीत जातो आणि मालकाच्या वाट्याला येते ती फक्कीची ओळ. आपल्या रानातून चर असा वाकडा का चाललाय, हे मग कितीही समजावलं तरी पटत नाही. नळीतलं पाणी दोन्ही काठ्यांवर एकाच आकड्याला थांबलेलं त्याने पाहिलं की समजावायचं काही उरत नाही.

बांधणी अगदी साधी. दीड-पावणेदोन मीटरच्या दोन सरळ काठ्या, प्रत्येकीवर तळापासून शून्य धरलेली सेंटिमीटरची टेप आणि दोन्हींना जोडणारी पारदर्शक नळी. नळी आतून ८ ते १० मिलिमीटरची असावी. त्याहून बारीक असली की पाणी स्थिर व्हायला वेळ लागतो आणि अडकलेले बुडबुडे निघता निघत नाहीत. दोन काठ्यांत १० मीटर अंतर हवं असेल तर नळी १४ मीटर लागते, कारण दोन्हीकडे काठीभर नळी वर चढते. तयार संच घेताना हे मोजूनच घ्यावं. काठीचा तळही बघावा. टोकदार काठी भुसभुशीत मातीत सहज दोन-तीन सेंटिमीटर रुतते आणि तेवढं रीडिंग चुकतं. तळाला चपटी चकती हवीच.

पाणी भरताना घाई नको. बादली उंचावर ठेवून नळीचं एक टोक बुडवायचं, दुसऱ्या टोकातून सलग धार सुरू होऊ द्यायची आणि टिचक्या मारत बुडबुडे काढायचे. मग दोन्ही काठ्या सपाट दगडावर शेजारीशेजारी उभ्या करायच्या. समजा दोन्हीकडे ८० आलं, तर संच कामाला तयार. एकीकडे ८० आणि दुसरीकडे ८२ आलं तर एक तर बुडबुडा राहिलाय, नाही तर टेप खालीवर चिकटलीय. ही पडताळणी दर तासाला करावी. नळीचा एक भाग उन्हात आणि एक सावलीत राहिला तरी थोडा फरक पडतो.

सर्वात जास्त चूक होते ती पुढे. बरेच जण एकच काठी बघतात. पुढची काठी ८३ दाखवते, म्हणून जमीन ३ सेंटिमीटर खाली, असा हिशेब करतात. तो चुकीचा आहे. नळीतलं पाणी तेवढंच असल्यामुळे पुढे ३ वाढले की मागे ३ उतरतात. मागे ७७, पुढे ८३, म्हणजे जमिनीतला खरा फरक ६. ज्या काठीचं रीडिंग जास्त, तिथली जमीन खोलगट. समपातळी बिंदू हवा असेल तर पुढच्या माणसाने चढाकडे सरकत राहायचं, दोन्ही आकडे जुळेपर्यंत, आणि तिथे खुंटी ठोकायची. चालताना दोन्ही टोकांवर अंगठे हवेत, नाही तर पाणी सांडतं. वाचताना दोन्ही अंगठे काढलेले हवेत, नाही तर पाणी हलतच नाही. थोडं सांडलं तर घाबरू नये, दोन्ही आकडे सारखेच उतरतात आणि त्यांतला फरक बदलत नाही. काठी मात्र ओळंब्यात हवी. १० अंशांनी कलली तर ८० च्या जागी ८१ च्या वर दिसतं.

आणखी एक युक्ती माहितीपत्रकात सहसा नसते. दर टप्प्याला मागची काठी उचलून पुढे न्यायची आणि पुढची जागेवरच ठेवायची. असं केलं की टेपमधली चूक एका टप्प्यात वर, पुढच्यात खाली जाऊन मिटते. काठ्यांची मागची-पुढची जागा ठरलेली असेल, तर प्रत्येक टप्प्यातली ५ मिलिमीटरची चूक साठत जाते. २० टप्प्यांत ती १० सेंटिमीटर होते.

एवढी काटेकोरी कशाला? ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल चराच्या प्रत्येक मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावतं. तळाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २० सेंटिमीटरचा उतार राहिला तर उंच टोकाला जेमतेम १० सेंटिमीटर पाणी थांबतं आणि एकूण क्षमतेचा एक तृतीयांश भाग वाया जातो. त्याहून वाईट म्हणजे सगळं पाणी सखल टोकाला गोळा होऊन तिथेच चर फुटतो आणि खालच्या शेजाऱ्याच्या रानात ओघळ पडतो. पाणलोटातली बरीच भांडणं अशा ओघळातून सुरू होतात.

म्हणून रेषा आखताना वरचा आणि खालचा, दोन्ही मालक काठीला धरावेत, अगदी शब्दशः: एक काठी एकाच्या हातात, दुसरी दुसऱ्याच्या. हद्दीच्या बांधाला धक्का लागणार नाही, चर हद्दीपासून किती अलीकडे संपेल, माती चराच्या खालच्या अंगाला किमान ३० सेंटिमीटर सोडून टाकायची, सांडवा (जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट) कुठे काढायचा आणि गाळ कोण उपसणार, हे खुंट्या उभ्या असतानाच एका कागदावर लिहून घ्यावं. खुंट्या निघाल्यावर प्रत्येकाची आठवण वेगळी असते.

मर्यादाही आहेत. तीव्र उतारावर किंवा झुडपांत नळी अडकते. तिथे ए-फ्रेम बरी, ती एकटा माणूसही चालवतो. पण तिचे पाय दोन मीटरवर असतात, त्यामुळे २०० मीटरला १०० पावलं टाकावी लागतात आणि वाऱ्यात ओळंबा झुलत राहतो. सिमेंटचा बंधारा, मोठा सांडवा यांसाठी हायड्रोमार्करवर विसंबू नये, तिथे डम्पीच लागते. मोबाइलवरची उंची दाखवणारी अॅप्स या कामाला बिनकामाची. त्यांची उभी चूक मीटरमध्ये असते आणि इथे प्रश्न सेंटिमीटरचा आहे.

चर खोदल्यावरही तळ याच संचाने पुन्हा तपासता येतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर तर साठलेलं पाणीच लेव्हल दाखवतं. एका टोकाला काठोकाठ पाणी आणि दुसऱ्या टोकाला कोरडा तळ दिसला, तर अख्खा चर पुन्हा खोदू नये. पाणी ओसरल्यावर दर आठ-दहा मीटरवर चरातच मातीचे आडवे अडसर घालावेत, चराच्या काठापेक्षा थोडे कमी उंचीचे, आणि चांगले धुमसून.