सरकारी रुग्णालयातील हिपॅटायटिस कक्ष: दीड वर्षाचा अनुभव

पश्चिम विदर्भातील आमच्या गावाहून हा कक्ष गाठायला दोन एसटी बदलाव्या लागतात. रक्तदान शिबिरात दिलेल्या माझ्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला, तेव्हा घरच्यांनी आधी काविळीची माळ आणली. पण डोळे पिवळे नसताना कावीळ कशी, हा आईचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मला येथील समुपदेशक ताईंकडून मिळाले आणि मुख्यतः त्यासाठीच मी या सेवेला चांगले म्हणतो.

त्यांनी सांगितले की, हा विषाणू यकृताच्या पेशी स्वतः फारशा मारत नाही. त्या पेशींत दडलेल्या विषाणूवर आपल्याच प्रतिकारपेशी तुटून पडतात आणि त्यात यकृत होरपळते. मोठेपणी लागण झालेल्या शंभरातील पंचाण्णवांहून अधिक जणांचे शरीर विषाणूला हुसकावून लावते, पण जन्मतःच आईकडून लागण झाली, तर दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम ठोकतो आणि वर्षानुवर्षे त्याच्याशी गाठ पडून टी पेशी, म्हणजे याच प्रतिकारपेशी, थकून जातात. टेनोफोव्हिरची रोजची गोळी विषाणूची वाढ रोखते. पेशीच्या केंद्रकात बसलेला त्याचा मूळ आराखडा मात्र तिला काढता येत नाही. उपचार चालू असतानाही पृष्ठ-प्रतिजन, म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचे प्रथिन, रक्तातून नाहीसे होणे वर्षाला शंभरात जेमतेम एखाद्याला साधते. म्हणून गोळी मनाने बंद केल्यास विषाणू उसळून यकृत एकाएकी बिघडू शकते, हे त्यांनी मला तीनदा बजावले. आधीच्या खासगी दवाखान्यात एवढे कोणी बोललेच नव्हते.

2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमामुळे गोळ्या मोफत मिळतात. पत्नीची आणि मुलाची तपासणी होऊन दोघांना लसही मिळाली. तक्रार आहे ती वेगळीच: गोळ्या एका खेपेला महिन्याच्याच देतात, त्यामुळे कापूस वेचणीच्या दिवसांतही एक दिवसाची मजुरी बुडवून यावे लागते. विषाणूचे प्रमाण मोजण्यासाठी रक्त बाहेरगावी जाते. माझा एक नमुना वाटेतच हरवला आणि दुसऱ्याचा अहवाल पाच आठवड्यांनी हाती आला. ताई रजेवर असल्या की कक्षात नुसत्या गोळ्या मिळतात, बोलणे नाही.

जाणाऱ्यांनी आधारकार्ड आणि जुने अहवाल सोबत न्यावेत. औषधाची खिडकी दुपारी एकला बंद होते आणि आमच्या बाजूची पहिली एसटी साडेअकराशिवाय पोहोचत नाही.